यजमान कोण?

आमच्या गावात मला औदुंबर या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. लहानथोर सगळे 'केवट्यांचा जावई' म्हणतात. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, डोक्यावरचे केस गेले, पुढचे दात गेले, पण मी अजून जावईच आहे.

गाव आमचं शिरजवळं, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. आम्ही भोई. माझे सासरे धोंडिबा केवटे यांना एकच मुलगी, कालिंदा. त्यांच्याकडे होडी होती, जाळी होती, पण होडीत बसायला दुसरा माणूस नव्हता. आमच्या घरी उलटं. होडी एक आणि वल्हवायला चार भाऊ. मी धाकटा. सासऱ्यांनी मला मागून घेतलं आणि मी कपड्यांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी राहायला आलो.

घरजावयाला आमच्याकडे काय काय म्हणतात ते सगळं इथे लिहीत नाही. त्यातला बरा शब्द बांडगूळ. ते आंब्याच्या फांदीवर वाढतं आणि आंब्याचाच रस पितं. पारावर कोणी मला तसं म्हटलं की मी हसायचो. कालिंदा हसायची नाही. ती त्या माणसाच्या दारात जाऊन त्याला चांगलं सुनावून यायची. आणि घरी आल्यावर तीच मला म्हणायची, "उठा बांडगुळा, जाळी वाळायला घाला."

जाळं कुठं टाकायचं ते ती ठरवायची. मी वल्ही मारायचो. बाजारात लिलावालाही तीच उभी राहायची. आमचा मासा विकायची आणि गावोगाव फिरवायला दुसऱ्यांचा घ्यायचीसुद्धा. आमच्या बाजाराची एक रीत आहे. लिलावात तोंडातून निघालेला बोल माघारी जात नाही. चुकून बोललात तरी तो तुमचाच. कालिंदाने ही रीत जन्मभर पाळली. एकदा बोलण्याच्या नादात उतरलेल्या, वास मारणाऱ्या चिलापी माशांचा अख्खा ढीग तिच्या गळ्यात पडला. लोक म्हणाले, जाऊ दे, चुकून बोललीस. ती म्हणाली, "बोलले ते बोलले." तिने तो ढीग उचलला आणि घरामागं खड्डा करून पुरला.

शहरातल्या बायका मासे घेताना तिला विचारायच्या, "तुमचे यजमान काय करतात?" ती सांगायची, "माझ्या बापाची होडी वल्हवत्यात." आपणहून 'आमचे यजमान' असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पोराच्या नावावरून सोमनाथचा बाप, आमच्यातलं माणूस, फार राग आला तर ह्यो जावई. यजमान नाही.

मग तिचे पाय सुजायला लागले.

आधी पाय, मग सकाळी उठल्यावर तोंड. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या आहेत. रक्त धुण्याच्या यंत्रावर तिला घातलं, पण यंत्र सुरू झालं की तिचा रक्तदाब इतका खाली यायचा की ती डोळे पांढरे करायची. तिचं हृदयही कमजोर झालं होतं, त्यामुळे दुसऱ्याची किडनी बसवायचं ऑपरेशन झेपणार नव्हतं. किडनीच्या डॉक्टर सबा मुजावर म्हणून होत्या. तरुण, बोलायला मोकळ्या. त्या म्हणाल्या, "मावशी, यंत्र घाईघाईने ओढतं, ते तुमच्या हृदयाला सोसत नाही. सावकाश ओढणारं एक नवीन निघालंय. ते बघा."

त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर एक मासा दाखवला. काळसर, अंगाला खवले नाहीत, तोंडाला मिशा.

"हा ओळखता?"

"मागूर," कालिंदा म्हणाली. "मला कशाला दाखवताय डॉक्टरीणबाई? सकाळीच पिंपातनं काढून बाजाराला धाडल्यात."

"आणि हा?"

दुसरा मासा सुईएवढा होता. काचेसारखा, आरपार दिसणारा. पोटात तेवढी लाल रेघ.

"ह्ये कसलं गांडूळ म्हनायचं?"

"गांडूळ नाही. हा मागुराचाच लांबचा भाऊबंद. आपले मागूर, शिंगटा, शिवडा, सगळे मिशांचे मासे एकाच मोठ्या कुळातले. त्या कुळातला हा दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत राहतो. हा स्वतः शिकार करत नाही. मोठा मासा श्वास घ्यायला कल्ला उघडतो, तेवढ्यात हा आत शिरतो. याच्या गालावर मागे वळलेले काटे असतात, ते रुतवून घट्ट बसतो आणि रक्ताच्या नळीला एक चावा घेतो. गंमत पुढे आहे. हा रक्त ओढत नाही. मोठ्या माशाचं हृदयच रक्त ढकलतं आणि याचं पोट भरतं. भरलं की काटे मिटून हा निघून जातो. मोठा मासा बहुतेक वेळा मरत नाही, आपल्या वाटेने पोहत राहतो."

कालिंदाने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे घरजावईच की!"

कोपऱ्यात उभी असलेली सिस्टर फिसकन हसली. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो.

पुढचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. या सुईएवढ्या माशाकडे बघून शास्त्रज्ञांनी बोटभर लांबीचं एक यंत्र केलं. त्याला पंप नाही. दोन्ही टोकांना मऊ काटे. एक टोक आजारी माणसाच्या मनगटावर बसतं, एक निरोगी माणसाच्या. ज्याचं त्याचं हृदयच आपापलं रक्त त्यात ढकलतं आणि परत घेतं. मध्ये एक पडदा आहे आणि तो आमच्या मागुराच्या कल्ल्यापासून वाढवलेला आहे. मासा अंगातली बरीचशी घाण कल्ल्यातूनच पाण्यात टाकतो, आणि मागूर तर उन्हाळ्यात चिखलातही तग धरतो. त्या पडद्याच्या पेशी आजारी माणसाच्या रक्तातली घाण आणि जादा पाणी उचलतात आणि पलीकडे देतात. पलीकडच्या माणसाची किडनी दोघांची घाण बाहेर टाकते. निरोगी माणसाला देवाने किडनी गरजेपेक्षा जास्त दिलेली असते, तिच्यातली थोडी उसनी घ्यायची. रोज संध्याकाळी दोन तास शेजारी बसायचं. रक्तात रक्त मिसळत नाही, म्हणून रक्तगट जुळायला नको.

"म्हंजे मी दुसऱ्याच्या अंगावर जगायचं," कालिंदा म्हणाली.

"तसं नाही मावशी..."

"तसंच हाय. मला न्हाय जमायचं. मी कुनाचं बांडगूळ व्हायची न्हाय."

डॉक्टरीणबाई समजुतीने म्हणाल्या, "आज काही ठरवू नका. आज नुसत्या तपासण्या करून ठेवू." तेवढ्यात त्यांना वॉर्डातून बोलावणं आलं आणि त्या गेल्या.

सिस्टर ट्रे घेऊन पुढं आली. कालिंदाच्या हातातून रक्त घेतलं. मग नळीवर चिठ्ठी लावत तिने विचारलं, "यजमान कोण?"

कालिंदा आधीच वैतागलेली. ती म्हणाली, "ह्ये काय बसल्यात! अजून किती असत्यात?"

मी सांगतो, त्या क्षणी मला दवाखान्याचा वाससुद्धा गोड लागला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सिस्टर माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "काका, बाही वर करा." कशाला, हे मी विचारलंच नाही. डावा हात दिला. तिने उजवा मागितला असता तर तोही दिला असता.

पुढच्या खेपेला गेलो तर डॉक्टरीणबाई खुशीत होत्या.

"काका, तुमची किडनी नंबर एक आहे. तिशीतल्या माणसाची वाटावी अशी. सगळं जुळलंय. आजच मनगटावर जागा करून घेऊ."

कालिंदा म्हणाली, "ह्यांची किडनी तुमी कशाला बघितली?"

"कशाला म्हणजे? यजमान म्हणून तुम्हीच यांना दाखवलंत ना?"

"मग नवऱ्याला नवरा म्हनून दाखवायचं न्हाय व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद परत बघितला. मग त्यांच्या ध्यानात आलं. या उपचारात जो निरोगी माणूस भार घेतो त्याला तिथं यजमान म्हणत आणि आजाऱ्याला पाहुणा. कोणी तरी शहाण्या माणसाने बसून हे शब्द काढले होते. त्याच्या बायकोने त्याला कधी यजमान म्हटलं नसावं. डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सिस्टर मात्र घाबरून भिंतीला टेकली.

कालिंदा हसली नाही. "मी यजमान म्हंजे नवरा म्हनलं. बाकीचं मला ठाव न्हाय. चला, उठा."

मी उठलो नाही. तिचं वाक्य ऐकून न उठायची ती माझी पहिलीच वेळ असावी.

"कालिंदे," मी म्हणालो, "बोल तोंडातनं गेलाय. चुकून गेला का समजून गेला, ते लिलावात कोन इचारतं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता दवाखान्यातच तोंड सोडते. सुजलेल्या डोळ्यांनीसुद्धा तिला रागाने बघता येतं.

"एकदा बघू," ती शेवटी म्हणाली. "न्हाय जमलं तर धरनात फेकून दीन ते."

ते जमलं. पहिल्याच आठवड्यात तिच्या पायाची सूज उतरायला लागली. यंत्राला कंपनीने काही तरी मोठं नाव दिलं होतं. कालिंदाने त्याला 'जावई' म्हणायला सुरुवात केली, आणि गावात तेच रुळलं. संध्याकाळी होडी लागली, मासा बाजाराला गेला, की आम्ही पाण्याकडच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसायचो. तिचा उजवा हात, माझा डावा, मध्ये जावई. त्याचे काटे रुतले की हिरवा ठिपका लागायचा. पोट भरलं की, म्हणजे ठरलेलं काम झालं की, टक असा आवाज करून तो आपोआप सुटायचा. माझा दाब कमी झाला किंवा माझी किडनी थकली तरी सुटायचा. यजमानाला धक्का लागू द्यायचा नाही, ही शिकवण त्याला त्या सुईएवढ्या माशाकडूनच मिळाली होती.

शेजारचा भाऊसाहेब तिथून जाताना हटकून थांबायचा. "काय, आज ओट्यावर दोन दोन जावई?" मग मी परसाकडे निघालो की ओरडायचा, "सुटला का पंप?" कारण दोघांची लघवी मी एकटा करत होतो. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्या गावाला माहीत होतं.

एक मात्र अवघड झालं. भांडण अर्ध्यावर टाकून होडीकडे निघून जायची माझी जुनी सवय होती. आता हाताला हात जोडलेला. निघून जाता येईना. लग्नानंतरची कितीतरी जुनी भांडणं आम्ही त्या ओट्यावर बसून शेवटपर्यंत नेली. काही तर अशी होती की ती कशावरून सुरू झाली होती हेच दोघांना आठवेना.

आणि दुसरं. पडद्यातून घाणच तेवढी जाते असं नाही. बारीक बारीक रसायनं थोडीफार इकडून तिकडे, तिकडून इकडे होतात. एका संध्याकाळी बसल्यावर थोड्याच वेळात मला गरगरायला लागलं. लहानपणी पहिल्यांदा तंबाखू चोरून खाल्ली तेव्हा झालं होतं, अगदी तसं.

"कालिंदे, मिश्री लावलीस?"

"न्हाय बा. डॉक्टरनी बंद सांगितलीया."

"मग माझं डोकं कुनी फिरीवलं?"

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "येवढीशी तर लावली हुती." आणि मग, हरल्यासारखं वाटू नये म्हणून, "तुमी आज भाऊसाहेबाकडं च्या ढोसून आलाय. माझी छाती उगंच उडतीया. मला काय कळत न्हाय व्हय?"

ती मिश्री सुटली. माझा चहाही कमी झाला.

एकदा असंच बसलो होतो. पाणी शांत, काठावर बगळे. काही कारण नसताना माझं काळीज धडधडायला लागलं. हाताला घाम सुटला. मी म्हणालो, "काय झालं?"

"काय न्हाय."

"मग मला भ्या का वाटायलंय?"

तिने मोकळ्या हाताने आपला पाय चाचपला. मग म्हणाली, "आबा आठवला. त्येचंबी पाय असंच सुजलं हुतं. शेवटी त्यो मला वळखंना."

आबा म्हणजे माझे सासरे. तिला कशाची भीती वाटू शकते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. मी उजवा हात तिच्या हातावर ठेवला. नंतर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तिची भीती माझ्यात आली का? त्या म्हणाल्या, "काका, भीतीचं रसायन फार बारीक असतं, पडद्यातून थोडं येऊ शकतं. पण तुमचं काळीज त्यामुळेच धडधडलं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. चाळीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसांचं काही सांगता येत नाही."

कालिंदाला डॉक्टरांनी जाळी ओढायला बंदी केली होती. म्हणून पाण्यातलं सगळं काम माझ्यावर आलं. होड्यांना आता उन्हावर चालणाऱ्या मोटरी आल्यात, मासा कुठं आहे तेही पडद्यावर दिसतं, पण भरलेलं जाळं अजून हातांनी आणि गुडघ्यांच्या जोरावरच वर येतं. माझा डावा गुडघा बोलायला लागला. औषधाच्या दुकानातून मी दुखण्याच्या गोळ्या आणल्या. सकाळी एक, दुपारी एक. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने होडी काठाला बांधली असती.

तपासणीला गेलो तेव्हा कालिंदा भलतीच खुशीत होती. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "ह्या जावयाचं गुन किती सांगू! माझं गुडघंबी बरं केलं त्यानं. किती साल झालं दुखत हुतं, आता उकिडवं बसता येतंय."

डॉक्टरीणबाईंनी हातातली दाब मोजायची पट्टी खाली ठेवली आणि त्या हळूच माझ्याकडे वळल्या.

"काका, गुडघ्याची गोळी कोण घेतंय?"

मी जमिनीकडे बघितलं. मला चोरी करताही येईना अशी सोय त्या यंत्राने केली होती.

माझं रक्त तपासलं. दुखण्याच्या गोळ्या किडनीला वाईट, त्यात माझ्या किडनीवर दोघांचा भार. आकडे बिघडले होते. त्या संध्याकाळी दवाखान्यातच जावई लावून बघितला तर हिरवा ठिपका लागेचना. काटे रुतले आणि लगेच मिटले. परत लावला, परत मिटले.

"यजमान थकलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या पूर्ण बंद. जाळं बंद. भरपूर पाणी. काही आठवड्यांत किडनी सावरेल असं वाटतं. पण तोवर मावशींना दुसरा यजमान लागेल. तुमचा मुलगा आहे ना?"

कालिंदा म्हणाली, "कुनी नगं. ह्येला मारून मी जगू व्हय? आन् ह्यो कमी पडला म्हनून पोराला लावू? काढा ते यंत्र."

रात्री घरी आलो. आम्ही ओट्यावर बसलो, पण हात मोकळे. मी म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "गुडघा दुखतोय हे सांगाया काय झालं हुतं?" मी म्हणालो, "तू होडी बांधली असतीस." ती म्हणाली, "बांधलीच असती." एवढी एक संध्याकाळ चुकली तरी तिचे पाय परत भरायला लागणार, दोघांनाही ते दिसत होतं.

सोमनाथ दुसऱ्या दिवशी आला. आमचा एकुलता एक. पुण्यात बॅटऱ्यांच्या कारखान्यात आहे. आल्या आल्या आईसमोर बसला.

"आई, चल पुण्याला. मी यजमान होतो."

"पोराचं रक्त पिऊ?"

"रक्त मिसळत नाही ते. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"न्हाय मिसळू दे. लेकराच्या जिवावर आय जगतीया, कुठं ऐकलं हाय का तू?"

सोमनाथ तिच्याजवळ सरकला. मग तो म्हणाला, "मी तुझ्या पोटात होतो तेव्हा माझी घाण कोण टाकत होतं?"

"काय बोलतोस?"

"खरं तेच. मी पण विचारलं डॉक्टरांना. पोटातल्या लेकराचं रक्त आणि आईचं रक्त मिसळत नाही. मध्ये वार असते. ती म्हणजे असाच पडदा. तिच्यातून लेकराला अन्न मिळतं आणि लेकराची घाण आईच्या अंगात जाते, आईची किडनी ती बाहेर टाकते. तेव्हा तू यजमान होतीस, मी पाहुणा. तू मला बांडगूळ म्हणालीस का?"

कालिंदाने पदर तोंडाला लावला. शेवटी ती म्हणाली, "ह्ये बरं हुईस्तोवरच. वरती एक दिस न्हाय."

ती पुण्याला गेली. मी एकटा राहिलो. होडी काठाला बांधून, गुडघ्याला पट्टा लावून, तांब्यावर तांब्या पाणी पीत बसलो. संध्याकाळी ओट्यावर बसलो की डावा हात आपोआप बाजूला पडायचा. भाऊसाहेब यायचा, पण जावयाची चेष्टा करायचा नाही. नुसता शेजारी बसायचा. तिचा फोन यायचा.

"पानी पिलं का?"

"पिलं."

"गोळी?"

"आईशप्पथ न्हाय."

मग जरा घुटमळून, "सोमनाथ चांगला हाय वं. पर दोन तास त्यो त्या फोनात बघत बसतो. भांडतच न्हाय माझ्यासंगं."

पाऊसकाळ सरता सरता आम्ही तिघं सोलापूरला डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. कालिंदाचं तोंड उतरलेलं नव्हतं, सूज नव्हती. सोमनाथची तब्येत ठणठणीत. माझे आकडे जागेवर आले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता ठरवायचं तुम्ही. सोमनाथ तरुण आहे, त्याला हा भार कळतही नाही. डॉक्टर म्हणून मला विचाराल तर मावशींनी पुण्यातच राहावं. काकाही होऊ शकतात यजमान, पण जाळं ओढायचं नाही, गोळी नाही, दर आठवड्याला तपासणी. आणि वय आहे, ते वाढतच जाणार."

मी येताना गाडीतच ठरवून आलो होतो. जीव वाचायचा तर पुणे बरं. ओट्यावर काय, मला एकट्यालाही बसता येतं. मी म्हणालो, "सोमनाथ, कर बाबा बाही वर. तुझी आई तुझ्याकडंच राहील."

कालिंदा माझ्याकडे बघायला लागली. सोमनाथने बाहीचं बटण काढलं.

तेवढ्यात सिस्टर ट्रे घेऊन आली. तीच सिस्टर. नळीवर चिठ्ठी लावायला तिने पेन काढलं आणि सवयीने म्हणाली, "यजमान कोण?" म्हणाली आणि जीभ चावली. मागची गडबड तिला आठवली असणार.

कालिंदा खुर्चीत सरळ झाली. लिलावाला उभी राहायची तेव्हा ती अशीच व्हायची, खांदे मागे, हनुवटी वर.

"सोमनाथ, बटन लाव," ती म्हणाली. "तू आमच्या घरचा पाहुना. ह्ये आजारी पडलं तर तुला बोलावू, तवा ये. आन् डॉक्टरीणबाई, होडी आता मी चालवनार. जाळं भाऊसाहेब वढंल, त्येला निम्मा मासा देऊ. ह्ये नुस्तं होडीत बसून पानी पित्याल. गुडघा दुखला तर सांगत्याल. सांगचाल न्हवं?"

"सांगीन," मी म्हणालो.

"मग लिव्हा. आमचे यजमान ह्ये."

सिस्टरने पेन कागदावर टेकवलं नाही. ती सांभाळून म्हणाली, "मावशी, म्हणजे नवरा म्हणून सांगताय, का दुसरं ते यजमान?"

"दोन्ही," कालिंदा म्हणाली. "बोलले ते बोलले."

मी बाही वर केली. बटण काही केल्या निघेना, सोमनाथने काढून दिलं.

आता आम्ही ओट्यावर बसत नाही. दुपार कलली की ती होडी आत घेते, मधल्या बेटाच्या आडोशाला मोटर बंद करते आणि आम्ही फळीवर शेजारी शेजारी बसतो. भाऊसाहेब त्याच्या होडीत, हाकेच्या अंतरावर, आमचं जाळं सोडत असतो आणि तिच्या शिव्या खात असतो. जाळं कुठं सोडायचं ते अजून तीच ठरवते. होडीच्या तळाशी पाटीत मागूर पडलेले असतात. पाण्याबाहेरही ते मिशा हलवत राहतात, सहजासहजी मरत नाहीत. आमच्या मनगटांमध्ये त्यांचाच कल्ला काम करत असतो. कधी कधी मी त्यातल्या एकाला परत पाण्यात सोडतो. ती बघते आणि न बघितल्यासारखं करते.

परवा असंच बसलो होतो. टक असा आवाज झाला. हिरवा ठिपका गेला, काटे मिटले, मनगटं मोकळी झाली. तिने हात काढून घेतला नाही, मीही घेतला नाही. होडी जराशी डुलत होती. बऱ्याच वेळाने तिने पायानेच स्टोव्हची पेटी माझ्याकडे सरकवली.

"जावई सुटला," ती म्हणाली. "यजमान, उठा आता. च्या टाका. तुमचा अर्धा कप, माझा अर्धा."